चार मिनिटांची भाकरी, दीड वर्षाचं मांस

पहिल्यांदा मी प्रोशुत्तो, म्हणजे इटलीतलं खारवून वाळवलेलं डुकराचं मांस, तव्यावर टाकला होता. तवा तापलेला, हातात कागदाइतकी पातळ गुलाबी चकती आणि मनात एवढंच, की मांस आहे म्हणजे त्याला आच दाखवायलाच हवी. चकती बघताबघता आक्रसली, चरबीची पांढरी किनार चुर्र करून विरघळली आणि उरला तो खारट, चिवट, तपकिरी तुकडा. शेजारी उभ्या असलेल्या सिन्योरांनी माझ्या हातातलं उलथनं हलकेच काढून घेतलं. "बुर्देला," त्या म्हणाल्या, "ते शिजलेलंच आहे. दीड वर्षापासून शिजतंय."

बुर्देला म्हणजे इथल्या बोलीत पोरी. सिन्योरा आमच्या शेजारी, तळमजल्यावर राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. मी चाळिशी ओलांडली असली तरी त्यांना पोरच.

शिजणं म्हणजे आच, हे मी लहानपणापासून धरूनच चालले होते. लोणचं मुरतं, दही विरजतं, पापड वाळतो, पण ही सगळी कामं स्वयंपाकाच्या अलीकडची किंवा पलीकडची. मांस मुरू शकतं, तेही विस्तवाशिवाय, नुसत्या मिठाने आणि वाऱ्याने, हे कळायला मला जळगावहून फाएन्झाला यावं लागलं.

फाएन्झा हे इटलीतल्या रोमान्या भागातलं मध्यम गाव, मातीच्या चकचकीत रंगीत भांड्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. आणि रोमान्याची भाकरी म्हणजे पियादीना. घरात तिला नुसतं पियादा म्हणतात. फोनवर सांगितलं की आज पियादीना केली, तर भाची म्हणते, "म्हणजे पिझ्झाच ना, मावशी?" नाही. हिच्यात यीस्ट नाही, हिला भट्टी लागत नाही, टोमॅटोचा तर संबंधच नाही. ही तव्यावरची आहे. पिझ्झापेक्षा ती आपल्या पोळपाटाला कितीतरी जवळची. एका बाबतीत मात्र दोघींचा नियम एक: कच्चा प्रोशुत्तो आगीत घालायचा नाही. चांगल्या पिझ्झेरियात बघा, पिझ्झा भट्टीतून बाहेर आल्यावरच वरून चकत्या पसरतात. त्याला लागते ती भाकरीची ऊब, आगीची धग नव्हे.

पियादा करायला सोपी आहे, पण तिला घाई चालत नाही. अर्धा किलो गव्हाचं बारीक पीठ, आपल्या मैद्याच्या जवळ जाणारं. पंचाहत्तर ग्रॅम स्ट्रुत्तो, म्हणजे डुकराची पांढरीशुभ्र चरबी. दहा ग्रॅम मीठ, चिमूटभर सोडा आणि साधारण 200 मिलिलिटर कोमट पाणी. चरबी पिठात आधी चोळायची. मी ते करताना पहिल्या दिवशी माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो, हे तर मोहन!" शंकरपाळ्यांच्या पिठाला आई तुपाचं मोहन घालते, मूठ वळून बघते आणि मूठ सुटली नाही की म्हणते, झालं. सिन्योरा मूठ वळत नाहीत. त्या पीठ बोटांतून खाली सोडतात आणि त्याचा आवाज ऐकतात. ओल्या वाळूसारखं पडलं पाहिजे म्हणे. मला अजून तो आवाज ओळखता येत नाही, मी मूठच वळते, आणि तिच्यावरून माझं कधी चुकलेलं नाही.

मग कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवायची आणि पाच उंडे करायचे. लाटताना फार पातळ करायची नाही. हा इथला जुना वाद आहे. समुद्राकडे, रिमिनीच्या बाजूला पियादा मोठी आणि पातळ लाटतात, जेमतेम तीन मिलिमीटर. आमच्याकडे, राव्हेन्ना आणि फोर्लीच्या पट्ट्यात, ती लहान आणि जाड असते, चार ते आठ मिलिमीटर. 2014 मध्ये पियादीनाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कागदावर दोन्ही रीती लिहाव्या लागल्या, कारण मागे हटायला कोणीच तयार होईना असं सिन्योरा सांगतात. मी जाड पियादाच्या बाजूची आहे. पातळ पियादा चवीला वाईट नाही, पण ती मांसाला नुसती गुंडाळते. जाड पियादा त्याच्याशी बरोबरीने बोलते.

आणि तवा. त्याला इथे तेस्तो म्हणतात, आणि खरा तेस्तो मातीचा. सोल्यानो नावाच्या गावाजवळच्या डोंगरात मोंतेतिफ्फी म्हणून एक लहानसं खेडं आहे, तिथे शतकानुशतकं हे तवे घडत आले. मातीत कॅल्साइटचा दगड कुटून मिसळतात, म्हणून तवा धगीला तडकत नाही. आता ही कला मोजक्याच हातांत उरली आहे. सिन्योरांचा सासूकडून आलेला तेस्तो मे 2023 च्या पुरात गेला. लामोने नदी फाएन्झात घुसली तेव्हा तळमजल्यावरची स्वयंपाकघरं चिखलाने छताच्या अर्ध्यापर्यंत भरली होती. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरातून फावड्यांनी चिखल काढताना तव्याचे तीन तुकडे मिळाले. त्या तुकड्यांकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही, धुऊन खिडकीत ठेवले. ते अजून तिथेच आहेत, आणि आता त्यांच्यावर तुळशीसारख्या बासिलिकोची कुंडी आहे. नवा तवा मोंतेतिफ्फीहूनच आणला. पहिले सहा महिने त्या प्रत्येक पियादानंतर म्हणत, "अजून लहान आहे." तव्याबद्दल बोलत होत्या.

तवा तापला की पियादा टाकायची आणि काट्याने टोचे मारायचे. आपल्याकडे पोळी टम्म फुगली की करणारीचा चेहरा फुलतो. इथे फुगू द्यायची नाही. दोन मिनिटांनी उलटायची, मधून मधून तव्यावरच फिरवायची, अंगभर तांबूस काळे डाग पडले की पुन्हा दोन मिनिटं दुसरी बाजू. एकूण चार मिनिटं. एवढंच भाकरीचं वय.

मग चीज. स्क्वाक्वेरोने हे नाव उच्चारताच ते कसं असेल ते कळतं: पसरणारं, पाणीदार, आकार न धरणारं. गाईच्या दुधाचं, साल नसलेलं, एक ते चार दिवसांत तयार होणारं. चक्का नीट टांगला नाही, अर्धवटच निथळला, तर जसा दिसेल तसं ते दिसतं, पण आंबटपणा त्याहून खूप कमी, दुधाचा गोडवा जास्त. ते आणून लगेच संपवावं लागतं. गरम पियादावर चमच्याने फासायचं. मग रुकोलाची पानं, मोहरीच्या कोवळ्या पाल्यासारखी तिखट. आणि शेवटी प्रोशुत्तो, चकत्या सपाट न पसरता सैल चुण्या पाडून, म्हणजे त्यांच्यात हवा राहते. अर्धी घडी घालायची आणि खायची.

घडी घातल्यावर क्षणभर थांबून उघडून बघितलं तर दिसतं की प्रोशुत्तोची चरबी पांढरी राहिलेली नाही, काचेसारखी आरपार झाली आहे. वितळली नाही, सैलावली. ह्या एका क्षणासाठी मी पियादा करते. चार मिनिटांची भाकरी, तीन दिवसांचं चीज आणि दीड वर्षाचं मांस, आणि ह्यातलं सगळ्यात जुनं सगळ्यात नव्याच्या उबेने जागं होतं.

ते दीड वर्ष कुठे जातं ते बघायला मी एकदा पार्माजवळच्या प्रोशुत्तोच्या गावी, लांगिरानोला गेले. फाएन्झाहून पार्मापर्यंतचा रेल्वेमार्ग विया एमिलिया ह्या रोमन रस्त्याच्या सोबतीने जातो. इ.स.पू. 187 मध्ये बांधलेला हा रस्ता रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत जवळपास सरळ रेषेत आहे आणि वाटेतली सगळी खाती-पिती गावं त्याने मण्यांसारखी ओवली आहेत. पार्माहून बस दक्षिणेला टेकड्यांकडे वळते. लांगिरानोच्या इमारती लांबून ओळखू येतात, कारण त्यांना उंच, अरुंद खिडक्यांच्या रांगाच रांगा आहेत. त्या माणसांसाठी नाहीत. त्या वाऱ्यासाठी आहेत.

आत शिरल्यावर आधी थंडी लागते, मग वास. तो वास मला सांगता येणार नाही असं वाटलं होतं, पण लांबवर ओळखीचा निघाला: आजीच्या माळ्याचा वास. सुकं खोबरं, जुनं लाकूड, तूप आणि थोडी बुरशी. लाकडी चौकटींना हजारो मांड्या टांगलेल्या, गप्प.

तिथल्या माणसाने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की ह्यात दोनच जिन्नस आहेत: डुकराची मांडी आणि समुद्राचं मीठ. तिसरं काही नाही, रंग टिकवायला कसली पावडरसुद्धा नाही. खारवणाऱ्याला माएस्त्रो सालातोरे म्हणतात, आणि हे काम हातानेच करावं लागतं. कातडीच्या बाजूला ओलं मीठ, उघड्या मांसाच्या बाजूला कोरडं मीठ, तेही हात राखून. जास्त मीठ घालून मांस कोणीही टिकवेल. कमीत कमी मिठात टिकवणं हे कसब. आठवडाभराने उरलेलं मीठ झाडून काढायचं, पुन्हा हलका हात फिरवायचा, पुढे पंधरा-अठरा दिवस. त्यानंतर दोन-तीन महिने थंड खोलीत नुसतं टांगून ठेवायचं, म्हणजे वरचं मीठ आतपर्यंत पोचतं. मग कोमट पाण्याने धुवायचं, वाळवायचं आणि त्या उंच खिडक्यांच्या दालनात न्यायचं.

खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या हे हवेकडे बघून ठरतं. दमट दिवशी बंद, कोरडा वारा सुटला की उघड्या. इथले लोक सांगतात की समुद्राकडून निघालेला वारा अपेनाइन्सचे डोंगर चढताना ऑलिव्ह, पाइन आणि चेस्टनटच्या झाडांतून गाळून येतो आणि तोच मांसाला गोडी देतो. मला हे खरं मानायला आवडतं. चैत्रात आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या की आजी आधी हात वर करून वारा बघायची. ढग आला तर साऱ्या घराला पळवायची. लांगिरानोतल्या माणसाने खिडकीशी जाऊन हात बाहेर काढला तेव्हा मला तिची आठवण आली आणि तिथेच रडू आलं.

मांसाचा उघडा भाग फार सुकू नये म्हणून त्याच्यावर सून्या चोपडतात, म्हणजे चरबी आणि मीठ, कधी थोडं तांदळाचं पीठ. दिव्याच्या वातीला तूप लावावं इतक्या निगुतीने. आणि शेवटी येते सुई. घोड्याच्या पायाच्या हाडाची, बारीक, अणकुचीदार. हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे ते वास पटकन धरतं आणि पटकन सोडतंही. परीक्षक ती सुई मांडीत ठरलेल्या जागी टोचतो, बाहेर काढतो, नाकाशी नेतो, पुढची जागा. एका मांडीला काही सेकंद. दीड वर्षाच्या कामाचा निकाल नाकावर, आणि कुठलंही यंत्र त्याची जागा घेऊ शकलेलं नाही. पास झाली की कातडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग उमटतो. तोवर मांडीचं पाव हिश्श्याहून जास्त वजन वाऱ्याने नेलेलं असतं.

हे सगळं बघून आल्यावर दुकानात जाऊन एक एत्तो, म्हणजे शंभर ग्रॅम, मागताना माझा आवाज बदलला. आधी मी चरबी काढून द्या म्हणायचे. आता म्हणत नाही.

आमच्या घरी रविवारी मटण असायचं, डुक्कर कधीच नाही. हे मी इथे आल्यावर खाल्लं, आवडलं, आणि कितीतरी महिने आईला सांगितलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं नव्हतं, पण शब्द जुळत नव्हते. लांगिरानोहून आल्यावर मात्र तिला सगळं सांगितलं, मीठ, खिडक्या, सुई, वारा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाळवणच की ते. मी खाणार नाही, पण वाळवणच ते." माझा जीव हलका झाला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई आली. तेस्तो बघून म्हणाली, "खापर!" आणि मग हाताने कड चाचपून, "पण हे सपाट आहे." खानदेशातलं खापर पालथं, घुमटासारखं. पुरणपोळी हातांवर मोठी करत करत त्याच्या पाठीवर सोडायची. आईच्या त्या हालचालीसाठी शेजारच्या बायका लग्नघरात तिला बोलावून न्यायच्या. तिच्यासाठी आम्ही पियादा ऑलिव्हच्या तेलात केली. मानांकनाच्या नियमांतही तेल चालतं, तरी सिन्योरांना ते जड गेलं. पण आईने स्क्वाक्वेरोने आणि साखरेत मुरवलेले अंजीर लावून दोन खाल्ल्या तेव्हा त्यांचा राग गेला. अंजीर आणि स्क्वाक्वेरोने ही त्यांचीही जुनी जोडी.

आईला फोर्लीला जायचं होतं. मीच तिला सांगितलं होतं. फाएन्झापासून आगगाडीने जेमतेम दहा-बारा मिनिटांवर फोर्लीला दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मशान आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात लढाईची आघाडी आमच्या इथल्या सेनिओ नदीवर येऊन अडकली होती. डिसेंबरात फाएन्झा सुटलं, पण नदीपलीकडच्या बांधांत जर्मन फौज एप्रिलपर्यंत पाय रोवून होती. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ ओलांडताना मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, बांधावर चढून मराठ्यांची घोषणा दिली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातला हा मुलगा तेव्हा 23 वर्षांचा होता आणि तो जिवंत परतला. सगळे परतले नाहीत. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं फोर्लीच्या स्मारकावर आहेत.

आई नावं मोठ्याने वाचत गेली. पुटपुटत नव्हती, हजेरी घ्यावी तशी. कबरींच्या दगडांवर वय लिहिलेलं असतं, तिथे ती थांबायची. तिला मी बाकावर बसवलं आणि डब्यातली पियादा दिली, फडक्यात गुंडाळलेली, गार झालेली. तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी पुन्हा गुंडाळली. का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सिन्योरांना कुठे गेलो होतो ते सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मी तेव्हा पाच वर्षांची होते. अंगणात इन्दियानी उतरले होते. पत्र्याच्या डब्याचं झाकण चुलीवर ठेवून त्याच्यावर पियादा करायचे. आईने त्यांना आत बोलावून तेस्तो दिला, लाटणंही पुढे केलं, पण लाटणं त्यांनी घेतलं नाही. ते कुठले, कुठल्या पलटणीचे, हे त्या घरात कोणालाच कळलं नव्हतं. "माझी आई म्हणाली, बघ, ह्यांच्याकडेही पियादा असते."

दुसऱ्या दिवशी आईने त्यांच्या स्वयंपाकघरात पीठ हाती घेतलं. एक उंडा उचलला, तळव्यांवर थापायला लागली, ह्या हातावरून त्या हातावर. थप, थप. सिन्योरा प्रोशुत्तोचा कागद उलगडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी कागद तसाच ठेवला, तव्याखालची आच कमी केली आणि आईजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मोठी कर," त्या म्हणाल्या. "ते मोठ्या करायचे."

मी आईला मराठीत सांगितलं. आईने हातातली थापलेली भाकरी मोडली, तिच्यात आणखी एक उंडा मिसळला आणि पुन्हा थापायला घेतली.